आढे चढवण्याचा दिवस

आमच्या गावच्या घराचे जुने आढे दिवाळीपासून परड्यात, फणसाच्या झाडाखाली, चार चिऱ्यांवर आडवे ठेवलेले आहे. वर ताडपत्री टाकली आहे आणि वाऱ्याने ती उडू नये म्हणून कडांवर दगड ठेवले आहेत. माघातल्या शुक्ल पक्षातील एका गुरुवारी ते पुन्हा वर चढेल, या वेळी नव्या घरावर, आणि त्या दिवसाची आखणी मी गेला महिनाभर एका वहीत लिहीत आहे. गाव खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटीच्या बाजूला आहे. मी बेळगावातील एका मराठी शाळेत २७ वर्षे शिकवले. यजमान निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी ठरवले की पडायला आलेले गावचे घर उतरवायचे, त्याच जोत्यावर नवे बांधायचे आणि छप्पर मात्र कौलांचेच ठेवायचे.

स्लॅबच्या घरांत वाढलेल्या मुलांना आढे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागते, म्हणून येथेही सांगते. कौलारू छपराची दोन पाखी माथ्यावर जेथे एकमेकांना मिळतात, तेथील आडवी तुळई म्हणजे आढे. दोन्ही बाजूंचे वासे वरच्या टोकाला त्याच्यावर टेकतात, वाशांवर रिपा ठोकतात आणि रिपांवर कौले बसतात. आढे पातळीत नसेल तर वासे वरखाली होतात, कौलांत फटी राहतात, आणि आमच्याकडचा पाऊस अशा एका फटीतून एका रात्रीत अख्खे माजघर भिजवतो. मलप्रभा ज्या कणकुंबीच्या डोंगरात उगम पावते, त्याच डोंगराचा हा पाऊस आहे. त्यामुळे भिंती उभ्या राहिल्या म्हणजे घर झाले, असे आमच्या गावात कोणी मानत नाही. आढे चढले की मगच घराने डोके वर काढले, असे सासूबाई म्हणतात.

हे आढे मत्तीचे आहे, म्हणजे ज्या झाडाला घाटाखाली ऐन म्हणतात त्याचे. त्याच्या एका अंगावर ‘शके १८५३’ असे कोरलेले असून पुढे माझ्या आजेसासऱ्यांचे नाव आहे. म्हणजे १९३१ च्या सुमारास ते पहिल्यांदा चढले आणि तेव्हापासून नव्वदहून अधिक वर्षे चुलीचा धूर खात वर राहिले. घर उतरवल्यावर सुतारमेस्त्रींनी वाकसाच्या, म्हणजे लाकूड तासण्याच्या हत्याराच्या, पाठीने त्याच्यावर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत वीतवीत अंतरावर ठोके मारले आणि कान लावून ऐकले. ज्या टोकाला पावसाची झड लागत असे तेथे आवाज पोकळ आला, म्हणून तेवढे तीन फूट कापून काढले. उरलेले २४ फूट लाकूड असे निघाले की करवतीचे दात गरम होत होते. चंदगडहून काजूच्या टरफलांचे तेल आणून मेस्त्रींनी त्याचे दोन हात दिले आहेत, कारण ते तेल लावलेल्या लाकडाला वाळवी लागत नाही. ते तेल अंगावर पडले तर कातडी भाजते, म्हणून त्या दिवशी त्यांनी आम्हा कोणालाही जवळ येऊ दिले नाही.

या दिवसाबद्दल मला इतके का वाटते, ते सांगायचे तर वीस वर्षे मागे जावे लागेल. तेव्हा आम्ही बेळगावात घर बांधले होते. स्लॅबच्या दिवशी सकाळी आठला सुरू झालेले काँक्रीट रात्री दहाला संपले. डोक्यावर घमेली घेतलेल्या बायका दिवसभर शिडीवर रांगेने चढत-उतरत होत्या, आणि मी शाळेतून सुटून संध्याकाळी तेथे पोहोचले तेव्हाही ती रांग चालूच होती. कंत्राटदाराने कामगारांच्या जेवणाचे मी बघतो असे सांगितले होते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. रात्री पुरीभाजीची पुडकी आली ती कमी पडली. एका बाईने आपले पुडके न उघडता पदराला बांधले, मुलांसाठी, आणि हातपाय धुऊन ती तशीच ट्रॅक्टरमध्ये बसली. मी घरात जाऊन काहीतरी करून आणेपर्यंत ट्रॅक्टर निघून गेला होता. पुढे चार महिन्यांनी वास्तुशांतीला तीनशे पाने उठली. पाहुणे होते, शाळेतील सहकारी होते, यजमानांच्या कचेरीतील सगळे होते. भिंत उभारलेला एकही माणूस त्या पंगतीत नव्हता. त्यांना मुद्दाम वगळले होते असे नाही, ते कोणाला आठवलेच नव्हते. मला हे आठवले ते दुसऱ्या दिवशी, उरलेल्या जिलब्यांची टोपली पाहताना. ती आठवण आजही मला सुखाने राहू देत नाही.

मराठीत कृतघ्न माणसाला खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणतात. मी मुलांना हा वाक्प्रचार वर्षानुवर्षे शिकवला, वाक्यात उपयोग करून आणायला लावला, आणि ज्याने ते वासे बसवले तो त्या घरात जेवला होता का, हा प्रश्न मला एकदाही सुचला नाही. वास्तुशांत हा घरात राहणाऱ्यांचा दिवस आहे. होम होतो, पाहुणे येतात, आहेर होतात, ते सगळे योग्यच आहे. परंतु त्याआधी एक दिवस घर बांधणाऱ्यांचा असतो, तो आमच्या वाडवडिलांना ठाऊक होता आणि आम्ही तो स्लॅबखाली गाडून टाकला, असे माझे मत झाले आहे. म्हणून या घराच्या वेळी मी वास्तुशांतीची यादी अजून हातातही घेतलेली नाही.

जुना विधी कसा होता, हे मी सासूबाईंकडून तीन वेळा ऐकून लिहून घेतले, कारण प्रत्येक वेळी त्यांना काहीतरी नवे आठवले. आढे आदल्या दिवशी धुऊन पुसून पाटांवर ठेवायचे. सकाळी त्याला हळदकुंकू लावून बरोबर मध्यावर खणाचे कापड बांधायचे, आणि त्या कापडात अक्षता, हळकुंड, सुपारी व एक तांब्याचा पैसा ठेवायचा. त्याच गाठीत आंब्याचा पानांनी भरलेला डहाळा खोचायचा. शेजारी पाटावर सुताराची आणि गवंड्याची हत्यारे मांडायची: करवत, वाकस, रंधा, पटाशी, गुण्या, थापी आणि ओळंबा. त्यांची पूजा मालकाने करायची, हत्यारे ज्यांची आहेत त्यांनी नव्हे, आणि हे मला फार मोलाचे वाटले. मग गजर होतो, आढे वर जाते, ते आपल्या खाचेत बसले की सुतार वरच नारळ फोडतो आणि त्याचे पाणी आढ्यावर शिंपडतो. तो खाली उतरला की त्याला पाटावर बसवून विडा, धोतराचे पान आणि दक्षिणा द्यायची. त्याआधी घरातल्या कोणी जेवायचे नाही. वर बांधलेला डहाळा काढायचा नाही. तो तेथेच वाळतो आणि कौलांखाली जातो. आमचे जुने छप्पर उतरवताना आढ्याच्या मध्यावर काळ्या दोऱ्यासारखे काहीतरी गुंडाळलेले सापडले, आणि त्या चिंधीतून एक हिरवा पडलेला पैसा खाली पडला. तो सासूबाईंनी देव्हाऱ्यात ठेवला आहे. नव्या कापडात तोच बांधायचा आहे.

माझा पुतण्या जर्मनीत स्टुटगार्टजवळ नोकरी करतो. फोनवर हे सगळे ऐकून तो म्हणाला, ‘काकू, हे तर इथलं रिश्टफेस्ट झालं.’ त्याच्या शेजारी गेल्या वर्षी एक घर उभे राहिले, तेव्हा छपराचा लाकडी सांगाडा पुरा होताच काम थांबवून तेथे समारंभ झाला होता. माथ्यावर रंगीत फिती लावलेले हिरवे झाड किंवा हिरव्या डहाळ्यांचे कडे चढवतात, सुतार वर उभा राहून घरासाठी व मालकासाठी पद्यात शुभेच्छा म्हणतो, पेला रिकामा करून तो खाली फेकतो, आणि पेला फुटला तर शुभ मानतात. शेवटचा खिळा पुष्कळदा मालकाला ठोकायला लावतात. त्यानंतर कारागिरांना व शेजाऱ्यांना जेवण असते आणि त्याचा खर्च मालकाचा असतो. जपानमध्येही आढे चढण्याच्या दिवशी जोतोशिकी नावाचा विधी करतात. कित्येक ठिकाणी वरून मोची नावाचे तांदळाचे गोळे खाली जमलेल्यांकडे उधळतात, आणि मुनाफुदा नावाच्या लाकडी पाटीवर तारीख, मालक व सुतार यांची नावे लिहून ती पाटी आढ्याजवळ लावतात. ही शेवटची गोष्ट ऐकल्यावर मी फोन ठेवला आणि परड्यात जाऊन आमच्या आढ्यावरची ताडपत्री बाजूला केली. शके होता, आजेसासऱ्यांचे नाव होते. ज्याने ते तासले, ज्याने ती अक्षरे कोरली, त्याचे नाव कोठेच नव्हते. गावात विचारले, ज्यांना ते ठाऊक असण्याची शक्यता होती असा कोणीही आता हयात नाही.

नावांची पाटी लावायची, हे मी त्याच दिवशी वहीत लिहिले. थोरल्या जाऊबाईंना ते पटले नाही. परदेशातले खूळ आपल्या देवाधर्मात कशाला, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्या मनापासून बोलत होत्या म्हणून मीही मनापासून उत्तर दिले. आपण जी कौले आपली म्हणून मिरवतो, ती मंगळुरी कौले दीडशे वर्षांपूर्वी आपल्याकडे नव्हती. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळूरला पहिला कारखाना काढला, गेऑर्ग प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्याने तेथील मातीची चपटी, खाचेत खाच बसणारी कौले पाडली, आणि मग ती किनाऱ्यावरून घाटावर पसरली. खानापूरच्या तांबड्या मातीलाही तसाच गुण असल्याने आपल्या तालुक्यात कौलांच्या भट्ट्या उभ्या राहिल्या आणि आज खानापूर म्हटले की कौल व कुंभारकामच आठवते. जे चांगले होते ते आपण घेतले आणि ते आपले झाले. जाऊबाई काही वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी विचारले की पाटी कोणत्या लाकडाची करणार. मी त्याला संमती समजले. आढ्याच्या कापलेल्या तीन फुटांतला जो भाग निरोगी निघाला, त्याचीच पाटी होणार आहे.

मुहूर्ताची गोष्ट थोडक्यात सांगते. पौषात शुभकार्य नको, हे ठरलेलेच होते. यंदा आमच्या गावची लक्ष्मीची यात्रा आहे. पंचांनी फाल्गुनापासून मंगळवारी व शुक्रवारी वार पाळायचे ठरवले आहे, म्हणजे त्या दिवशी औत जुंपायचे नाही आणि कोणत्याही कामाला हात लावायचा नाही. यात्रेआधी गावातले प्रत्येक घर सारवून रंगवून तयार व्हावे, असा रिवाज आहे. ७ जूनच्या सुमाराला मृग निघतो आणि त्याच्या आत कौले बसलीच पाहिजेत. हे सगळे मांडून पाहिले तर माघाखेरीज दुसरा महिना उरत नव्हता. गुरुजींनी पंचांग पाहून गुरुवार दिला. त्याआधी गावच्या देवाला गाऱ्हाणे घालण्याचे काम यजमानांकडे आहे.

आढे चढवण्याच्या कामावर मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण समारंभाच्या उत्साहात त्यातला धोका लोक विसरतात. २४ फूट लांब, ६ इंच रुंद आणि ८ इंच उंच म्हणजे आठ घनफूट लाकूड झाले. मत्तीचे लाकूड सागवानापेक्षा बरेच जड असते; मेस्त्रींच्या हिशेबाने आमचे आढे दोनशे किलोच्या घरात भरते. ते जमिनीपासून १८ फुटांवर न्यायचे आहे. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंती जांभ्याच्या चिऱ्यांनी पुऱ्या झाल्या आहेत, मध्ये दोन कैच्या, म्हणजे छपराचे वजन पेलणारे त्रिकोणी सांगाडे, उभ्या आहेत, आणि या चार ठिकाणी आढे बसेल. त्याच्या खाली, भिंतींच्या माथ्यावरून काँक्रीटचा पट्टा फिरवला आहे. छपराचा उतार तीस अंशांच्या आसपास ठेवला आहे, कारण त्याहून कमी उतारावर आमचा पाऊस कौलांखाली मागे सरतो. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौले लागतात. प्रत्येक कौल अडीच-तीन किलोंचे असते आणि पाणी प्यायल्यावर ते आणखी जड होते. पावसाळ्यात हे सगळे वजन वाशांवरून भिंतींवर आणि आढ्यावर येते. म्हणून बुंधा पश्चिमेला आणि शेंडा पूर्वेला ठेवायचा हा शास्त्राचा नियम मेस्त्री जितक्या काटेकोरपणे पाळतात, तितक्याच काटेकोरपणे ते पाण्याची नळी धरून पातळी पाहतात.

पूर्वी गावातली माणसे खांद्यावर घेऊन, दोर लावून आढे चढवीत. आता दोन्ही टोकांना चेन ब्लॉक, म्हणजे वजन उचलायच्या साखळीच्या कप्प्या, लावणार आहोत, आणि दोर धरायला आठ माणसे असतील, ती आढे झुलू नये एवढ्यासाठी. सूचना देणारा आवाज एकट्या मेस्त्रींचा असेल. गजर करायचा तो आढे जमिनीवर असताना आणि खाचेत बसल्यावर. मधल्या वेळात कोणी शब्द काढायचा नाही, हे मी भजनी मंडळाला स्वतः जाऊन सांगितले आहे. त्यांचा मान राखून सांगितले, आणि त्यांनी तो राखला. परांचीवर कामाच्या माणसांखेरीज कोणी चढणार नाही, फोटोसाठी तर नाहीच. वर जाणाऱ्या चौघांच्या कमरेला पट्टे असतील. मुलांना समोरच्या घराच्या सोप्यात बसवायचे आणि त्यांच्याजवळ दोन मोठी माणसे ठेवायची. पुतण्या म्हणतो की जर्मनीत सुतार माथ्यावरच पेला रिकामा करतो. आमच्याकडेही अशा दिवशी कामगारांना बाटली देण्याची पद्धत पडली आहे. मी ती देणार नाही, आणि हे मेस्त्रींना आधीच सांगितले. त्यांनी मान डोलावली. त्यांचा एक जोडीदार असाच स्लॅबच्या संध्याकाळी परांचीवरून पडला होता, एवढेच ते बोलले.

जेवणावरून आमच्या घरात आठवडाभर चर्चा चालली. यजमान म्हणाले, कामगारांना मटण हवे असते, त्याशिवाय त्यांना जेवल्यासारखे वाटत नाही. सासूबाई म्हणाल्या, पूजेच्या दिवशी परड्यात वशाट शिजणार नाही. दोघांचेही ऐकून झाल्यावर मला वाटले की ज्यांना जेवायचे आहे त्यांना कोणी विचारलेच नाही, आणि मी थेट कामावर गेले. गवंडी आणि बिगारी विजयपूर-बागलकोटकडचे आहेत, त्यांच्यातले पाचसहा जण लिंगायत आहेत आणि मटणाला शिवतही नाहीत. वीस वर्षे आम्ही सगळ्यांनी ‘कामगारांना मटण’ हे गृहीत धरले होते. त्यांतल्या एका म्हाताऱ्या गवंड्याने कन्नडमध्ये सांगितले, ‘हुग्गी करा, अक्का, खपलीची.’ बाकीच्यांनी लगेच त्याला दुजोरा दिला. मग बेत ठरला: खपली गव्हाची हुग्गी (गूळ घातलेली खीर), जोंधळ्याच्या भाकऱ्या, भरल्या वांग्यांची एण्णेगाई, शेंगांची चटणी, मुळ्याची कोशिंबीर आणि भात-आमटी. साठ पानांसाठी पाच किलो खपली सडून ठेवली आहे. गूळ, खोबरे, खसखस आणि वेलदोडे आणून झाले आहेत. खपली आदल्या रात्री भिजत घालायची आणि पहाटे मोठ्या हंड्यात मंद जाळावर शिजायला लावायची, कारण ती घाईने शिजत नाही आणि कच्ची राहिली तर गूळ घातल्यावर पुन्हा मऊ होत नाही. ज्यांना मटण हवे त्यांच्यासाठी रविवारी शेतातल्या खोपीजवळ वेगळी चूल मांडू, तेही सासूबाईंनी मान्य केले.

पहिली पंगत कामगारांची बसेल. त्यांच्याबरोबर त्यांची बायकामुले असतील, आणि वाढायला आमच्या घरची माणसे असतील, यजमानांसह. आमचे पाहुणे दुसऱ्या पंगतीला. हे दोन-तीन नातेवाइकांना खटकले आहे, असे माझ्या कानावर आले. मी त्यांना पुन्हा निमंत्रण दिले आणि पंगतीचा क्रम बदलणार नाही, हेही सांगितले.

निमंत्रणे छापली नाहीत. अक्षता घेऊन आम्ही दोघे कामगारांच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो आणि प्रत्येक कुटुंबाला बोलावले. नावे लिहिताना माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. पाटीसाठी म्हणून मी काम घेतलेल्या माणसाकडून हजेरीची वही मागून आणली होती. तीत पुरुषांची नावे होती, आणि बायकांच्या रकान्यात ‘बाई १’, ‘बाई २’ असे सात ओळींपर्यंत लिहिले होते. ज्यांनी चिरे, वाळू आणि पाणी इतके दिवस वाहिले त्या सात जणींना त्या वहीत नाव नव्हते. मी शेडमध्ये बसून त्यांना एकेकीला विचारले. त्यांतल्या एकीने नवऱ्याचे नाव सांगितले. तिचे स्वतःचे नाव सांगायला मला दोनदा विचारावे लागले, आणि ते सांगताना तिने पदर तोंडाला लावला. आता माझ्या यादीत २३ नावे आहेत आणि सगळी पुरी आहेत.

त्या सातही जणींची खणानारळाने ओटी भरायची आहे. त्यांतल्या दोघी विधवा आहेत, आणि गावात या गोष्टीवरून कुजबुज होईल हे मला माहीत आहे. शिरोळ तालुक्यातील हेरवाड येथे ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव २०२२ मध्येच केला. ते गाव काही आमच्यापासून फार दूर नाही. मी हे घरात बोलत होते तेव्हा सासूबाई देव्हाऱ्यासमोर बसल्या होत्या. सासरे जाऊन अकरा वर्षे झाली. तेव्हापासून त्या कोणत्याही पूजेत मागे उभ्या राहतात. त्यांच्या नवऱ्याचा जन्म या आढ्याखाली झाला, त्या स्वतः लग्न होऊन याच आढ्याखाली आल्या, आणि माझे यजमान व दोन्ही दीर याच्याखाली वाढले. मी त्यांना म्हटले की आढ्याला पहिले हळदकुंकू तुम्ही लावायचे. त्या लगेच काही बोलल्या नाहीत. रात्री झोपताना त्यांनी विचारले, ‘माझं लुगडं कुठलं काढू?’ हिरवे इरकल काढून ठेवले आहे.

आहेराच्या बाबतीत मी टॉवेल-टोपीचा विचार सोडून दिला. टोपी कोणी घालत नाही आणि टॉवेल त्यांच्याकडे आधीच्या प्रत्येक घराचे आहेत. मेस्त्रींनीच सुचवले की थंडीत उपयोगी पडेल असे काही द्या. प्रत्येकाला जाड सोलापुरी चादर आणली आहे, बायकांना खणाबरोबर तीच. मेस्त्रींना मात्र धोतराचे पान आणि फेटा, जुन्या रिवाजाप्रमाणे, कारण तो त्यांचा हक्क आहे. आणि त्या दिवसाची हजेरी सर्वांची पूर्ण धरायची, दुपारनंतर काम होणार नसले तरी. काम घेतलेला माणूस यावर खूश नव्हता. तो पैसा मी वेगळा काढून ठेवला आहे.

पाटीवरची नावे मी रंगाने लिहिणार आहे, माझे अक्षर शाळेत फळ्यावर घासूनपुसून तयार झालेले आहे. आढ्यावर मात्र कोरायचेच होते. जुन्या शकाला हात न लावता त्याच्या पुढे या वर्षाचा शके आणि मेस्त्रींचे नाव कोरावे, असे मी सुचवले. ते ऐकून मेस्त्री बराच वेळ आढ्याजवळ बसून राहिले. मग म्हणाले की त्यांनी हे काम वडिलांच्या हाताखाली शिकले, तेव्हा आधी वडिलांचे नाव आणि मग त्यांचे, एवढी जागा मिळेल का. मिळेल म्हटल्यावर त्यांनी दुसरी अडचण सांगितली. ते आमच्याशी आमच्यासारखे मराठी बोलतात, परंतु त्यांची चौथीपर्यंतची शाळा कन्नड होती आणि त्यांना लिहायला कन्नडच येते. मी मराठीत कागदावर लिहून दिले तर ते पाहून कोरता येईल, पण त्यात चूक होईल अशी त्यांना भीती वाटत होती.

माझा जन्म मराठीच्या शाळेत गेला. या सीमाभागात पाटीवरच्या अक्षराचे वजन किती असते, ते आम्हा दोघांनाही सांगायला नको होते, आणि म्हणूनच ते खाली पाहत होते. सासूबाई ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या तेथूनच म्हणाल्या, ‘तुझ्या हाताला येतं त्या अक्षरात काढ बाबा. तुझं नाव आहे.’

मेस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली, गुण्या लावला आणि आजेसासऱ्यांच्या नावानंतर चार बोटे जागा सोडून एक रेघ मारली. वडिलांचे नाव नऊ इंचांत बसते, त्यांचे आठ. बुधवारी सकाळी ते बारीक पटाशी घेऊन येणार आहेत.